शिष्यवृत्तीच्या पलीकडे : विद्यापीठाच्या अनुदानाचा प्रश्न

बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमधून एकाच विषयाची चर्चा सुरू होते, ती म्हणजे शिष्यवृत्तीची. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, बँकेचे खाते, महाडीबीटीवरचा अर्ज. समाजातील कार्यकर्ते या कामी मुलांना मदत करतात, आणि ती केलीच पाहिजे. परंतु ही शिष्यवृत्ती घेऊन मुलगा किंवा मुलगी ज्या विद्यापीठात जाते ते विद्यापीठ कशावर चालते, त्याला पैसा कोठून येतो, आणि तो अपुरा पडला तर नेमके कोणाचे नुकसान होते, याची चर्चा आपल्यात जवळजवळ होत नाही. शिष्यवृत्ती हा आपला प्रश्न आणि अनुदान हा कुलगुरूंचा व मंत्रालयाचा प्रश्न, अशी आपण मनाशी वाटणी करून टाकली आहे. ही वाटणी चुकीची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

ज्ञानकेंद्राचा खर्च राज्याने उचलावा, ही कल्पना काही इंग्रजांनी आपल्याला शिकवलेली नाही. सातव्या शतकात नालंदा महाविहारात राहून गेलेल्या ह्युएनत्संग या चिनी भिक्षूच्या चरित्रात या विहाराच्या खर्चाची माहिती आली आहे. राजाने सुमारे १०० गावांचा महसूल नालंदेला लावून दिला होता. त्या गावांतील २०० कुटुंबे दररोज तांदूळ, लोणी आणि दूध पुरवीत. चरित्रकार पुढे जे नोंदवतो ते फार महत्त्वाचे आहे. चीवर, भोजन, निवास आणि औषध या चार गरजांसाठी तेथील विद्यार्थ्यांना कोणाकडे मागावे लागत नसे, आणि तेथील विद्या परिपूर्णतेला पोचली ती यामुळेच, असे तो म्हणतो. पुढे नवव्या शतकात पाल राजा देवपाल याने सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदेत बांधलेल्या विहारासाठी पाच गावे दान दिली. त्याचा ताम्रपट उपलब्ध आहे. नालंदेचा अभिमान आपण सर्वच बाळगतो, भाषणांतून तिचा उल्लेखही होतो. परंतु नालंदेच्या मागे १०० गावांचा महसूल उभा होता, हे मात्र सांगायचे राहून जाते.

आता आपल्या काळाकडे येऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या तिजोरीतून दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षे मिळाले. सार्वजनिक पैसा योग्य ठिकाणी पडला तर त्यातून काय उभे राहते, याचे यापेक्षा मोठे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्री होते आणि त्यांनी हा प्रश्न भावनेवर सोडला नाही. मुंबई कायदेमंडळात सभासद म्हणून आल्यावर अवघ्या काही आठवड्यांत, १२ मार्च १९२७ रोजी, शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. मुंबई इलाख्यात सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारू व अमली पदार्थांवरील अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. लोकांकडून अबकारीत जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती.

त्याच भाषणात त्यांनी आणखी एक हिशोब मांडला. कला महाविद्यालयांच्या एकूण खर्चापैकी ३६ टक्के, हायस्कुलांच्या खर्चापैकी ३१ टक्के आणि मिडल स्कूलच्या खर्चापैकी २६ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या फीमधून वसूल होते. हा शिक्षणाचा व्यापार आहे, असे त्यांनी सरकारला सुनावले. विद्यार्थ्यांनी हे आकडे वहीत टिपून ठेवावेत. ज्या विनाअनुदानित महाविद्यालयात आज संपूर्ण खर्च फीमधून काढला जातो, त्याला बाबासाहेबांनी कोणता शब्द वापरला असता?

त्याच वर्षी जुलै महिन्यात मुंबई विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना, उच्चतम शिक्षण गरजू व गरिबांच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे एक मूलभूत काम आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. परीक्षा घेणे आणि पदव्या वाटणे एवढ्यावर विद्यापीठाने थांबू नये, हाही त्यांचा आग्रह होता. हे शब्द १९२७ सालचे आहेत. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांनी ते प्रत्यक्षात आणून दाखवले. त्या काळी मराठवाड्यातील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली असत. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी.

या विद्यापीठाशी आपले नाते काय आहे हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात आपली घरे जळाली. पोचिराम कांबळे यांच्यासारखी माणसे गेली. १९७९ साली नागपूरहून लाँग मार्च निघाला. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला. दरवर्षी १४ जानेवारीला हजारो लोक विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जमतात आणि कमानीला वंदन करतात. त्या गर्दीत आम्हीही असतो. परंतु कमानीच्या आत कोणत्या विभागात किती अध्यापक उरले आहेत, हे त्या दिवशी सहसा कोणी विचारत नाही.

त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, परभणी, लातूर हे जिल्हे तिकडे गेले. शिक्षण जवळ आले हे चांगलेच झाले. पण ज्यांना विद्यापीठाचा जमाखर्च माहीत आहे त्यांना याचा दुसरा अर्थही कळेल. तो समजण्यासाठी विद्यापीठाची तिजोरी कशी भरते हे पाहावे लागेल.

पैसा येतो कोठून?

राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठाला पैसा मुख्यतः तीन वाटांनी मिळतो. पहिली वाट राज्य शासनाची. शासन मंजूर पदांवरील अध्यापक व कर्मचाऱ्यांच्या पगाराचा खर्च देते. यालाच वेतन अनुदान म्हणतात. वीज, पाणी, इमारतींची दुरुस्ती, प्रयोगशाळेतील रसायने, ग्रंथालयातील नियतकालिके हा वेतनेतर खर्च. तो बव्हंशी विद्यापीठाला स्वतःच भागवावा लागतो. दुसरी वाट केंद्राची, म्हणजे पूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाची. तिसरी वाट विद्यापीठाच्या स्वतःच्या उत्पन्नाची : परीक्षा शुल्क, महाविद्यालयांकडून येणारे संलग्नीकरण शुल्क, ठेवींवरील व्याज आणि स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांची फी.

यातली तिसरी वाट नीट पाहिली पाहिजे. परीक्षा शुल्क देतो कोण? अंबड, गेवराई, कळंब, भूम अशा तालुक्यांच्या महाविद्यालयांतून बी.ए., बी.कॉम. करणारा विद्यार्थी देतो. म्हणजे मुख्य आवारातील वेतनेतर खर्चाचा मोठा भाग शेतमजुराच्या आणि लहान शेतकऱ्याच्या मुलांच्या परीक्षा शुल्कातून निघतो. जिल्हे कमी झाले की महाविद्यालये कमी होतात, परीक्षार्थी कमी होतात, उत्पन्न कमी होते. आवार मात्र तेवढेच राहते, इमारती जुन्या होत जातात आणि वीज दरवर्षी महागते. मग शुल्कवाढीचा प्रस्ताव येतो. विद्यार्थी संघटना मोर्चा काढतात, प्रशासन वाढ थोडी कमी करते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. या झगड्यात ज्याने पैसा द्यायला हवा तो तिसरा पक्ष, म्हणजे शासन, समोर दिसतच नाही.

दोन्ही घरचा पाहुणा

मूळ राज्यघटनेत शिक्षण हा राज्यांचा विषय होता. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला. केंद्र आणि राज्य दोघांचीही जबाबदारी झाली म्हणजे विद्यापीठांचे भले होईल असे वाटले होते. प्रत्यक्षात दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी गत अनेकदा झाली.

याचे एक ठळक उदाहरण देतो. अनुदान आयोग पंचवार्षिक योजनेत विद्यापीठाला नवीन विभाग आणि नवीन पदे मंजूर करी. पाच वर्षे पगार आयोगाचा, त्यानंतर ती पदे राज्याने आपल्या खर्चात घ्यायची, अशी अट असे. राज्याने हमी दिली नाही तर पद भरताच येत नसे. बाराव्या योजनेबरोबर मार्च २०१७ मध्ये पंचवार्षिक योजनांचाच काळ संपला. वेतन आयोगांची कथा यापेक्षा निराळी नाही. सहाव्या वेतन आयोगाच्या वाढीव भाराचे ८० टक्के केंद्राने १ जानेवारी २००६ ते ३१ मार्च २०१० पर्यंत द्यायचे ठरवले. सातव्याच्या वेळी ही मदत ५० टक्क्यांवर आली आणि मुदत ३१ मार्च २०१९ पर्यंतच राहिली. त्यानंतरचा भार राज्यावर. राज्य मग पगार तर देते, पण तो देण्याजोगी माणसे कमी ठेवते.

२०१३ साली केंद्राने राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान म्हणजे रुसा आणले आणि २०२३ पासून त्याचेच रूप पीएम-उषा या नावाने चालू झाले. २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांसाठी साऱ्या देशाकरिता १२,९२६ कोटी रुपयांची ही योजना. ज्यांना पैसा मिळाला त्यांच्या इमारती व प्रयोगशाळा सुधारतील, त्याचे स्वागतच आहे. पण हा पैसा स्पर्धेतून, प्रस्ताव पाहून, ठरावीक मुदतीसाठी मिळतो. प्रयोगशाळा बांधता येते, तिथे शिकवणारा प्राध्यापक तीस वर्षांसाठी नेमता येत नाही.

आणि प्रश्न नेमका इथेच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाला शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय नवीन पदे निर्माण करता येत नाहीत. मंजूर पद रिकामे झाले तरी ते भरायला शासनाच्या वित्त विभागाची संमती लागते. ती लवकर मिळत नाही. माणूस निवृत्त होतो, खुर्ची रिकामी राहते, आणि तासिका तत्त्वावर कोणाला तरी बोलावून वर्ग चालवला जातो.

याचा आपल्याशी संबंध काय?

संबंध फार जवळचा आहे. पहिली गोष्ट, आरक्षण हे मंजूर आणि भरल्या जाणाऱ्या पदांना असते. बिंदुनामावलीत अनुसूचित जातीचे पद दाखवलेले आहे, पण ते पद वर्षानुवर्षे भरलेच नाही, तर ते आरक्षण कागदावर शाबूत राहते आणि माणूस बाहेर राहतो. आरक्षण काढून घेतले असे कोणी म्हणू शकत नाही, कारण ते काढलेलेच नसते. आपली नेट-सेट झालेली, पीएच. डी. झालेली मुले मग तासिकेवर शिकवतात. तासाप्रमाणे मानधन, तेही उशिरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत काही नाही. चाळिशी ओलांडलेले असे कितीतरी तरुण आपल्याच घरांत आहेत. त्यांना तरुण म्हणायचे ते केवळ नोकरी लागली नाही म्हणून.

दुसरी गोष्ट संशोधनाची. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची अधिछात्रवृत्ती आहे, राज्याची बार्टीची आहे. ती मिळवण्यासाठी मुलांनी उपोषणे केली, मोर्चे काढले. पण अधिछात्रवृत्ती मिळण्याआधी पीएच. डी.ला प्रवेश हवा आणि प्रवेशासाठी मार्गदर्शक हवा. अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे पूर्णवेळ नियमित अध्यापकच मार्गदर्शक होऊ शकतो. एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी, ही मर्यादा आहे. २०२२ च्या नियमांनुसार ज्याची निवृत्ती तीन वर्षांच्या आत आहे त्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही.

आता आपणच हिशोब करून पाहू. समजा एका विभागात सात पदे मंजूर आहेत : एक प्राध्यापक, दोन सहयोगी, चार सहायक. सारी भरलेली असतील तर ८ अधिक १२ अधिक १६, म्हणजे ३६ संशोधकांची जागा झाली. समजा त्यांपैकी तिघेच उरले : दोन वर्षांनी निवृत्त होणारा एक सहयोगी आणि दोन सहायक. नव्या विद्यार्थ्यांसाठी जागा उरल्या फार तर ८, आणि त्याही आधीच भरलेल्या असण्याचा संभव. पेट परीक्षा उत्तीर्ण झालेला मुलगा मार्गदर्शकाच्या शोधात या दारातून त्या दारात फिरतो. त्याला वाटते आपले नशीब वाईट, किंवा सरांनी जात पाहिली. जात पाहिली जातच नाही असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण ३६ जागांच्या ८ झाल्या की अन्याय करणाऱ्याचेही काम सोपे होते, कारण नाही म्हणायला त्याला सबळ निमित्त मिळते.

तिसरी गोष्ट शिष्यवृत्तीचीच. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२०-२१ पासून केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. हा पैसा उशिरा आला की संस्थेची फी अडकते, आणि ज्या संस्थेचा कारभार फीवरच चालतो ती संस्था विद्यार्थ्याच्या मागे लागते. कोठे परीक्षेचा अर्ज अडतो, कोठे गुणपत्रिका. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे, तिचेही हप्ते वेळेवर येतातच असे नाही. जी संस्था पूर्ण अनुदानावर चालते तिला विद्यार्थ्याची फी चार महिने उशिरा आली तरी चालते. जी अनुदानाविना चालते तिला चालत नाही. शिष्यवृत्ती आणि अनुदान ही एकाच गाडीची दोन चाके आहेत ती अशी.

शिष्यवृत्ती मुलाला फाटकाच्या आत नेते. आत गेल्यावर फळ्यासमोर कोणी उभे आहे की नाही, ग्रंथालय रात्री उघडे आहे की नाही, वसतिगृहाच्या खोलीत दोघे राहतात की सहाजण, हे अनुदान ठरवते. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, ज्याचे वडील पुण्या-मुंबईला शिकवणी लावून देऊ शकतात, त्याचे विद्यापीठ कमी पडले तरी भागते. कमवा व शिका योजनेत विद्यापीठाच्या बागेत काम करून जो शिकतो, त्याच्यासाठी विद्यापीठ हेच घर, हेच ग्रंथालय आणि हीच शिकवणी असते.

आक्षेप

अनुदान मागितले की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की उच्च शिक्षणाचा फायदा शिकणाऱ्यालाच होतो, मग खर्च त्यानेच करावा. मे १९९७ मध्ये केंद्रीय अर्थ खात्याने अनुदानांविषयी एक टिपण काढले, त्यात उच्च शिक्षण सरकारी साहाय्यास कमी पात्र असलेल्या गटात टाकले होते. त्याआधी न्या. पुन्नय्या समितीने (१९९२-९३) विद्यापीठांनी आपल्या खर्चाचे १५ टक्के आणि दहा वर्षांनी २५ टक्के स्वतः उभे करावेत असे सुचवले. ती समिती होती केंद्रीय विद्यापीठांसाठी, पण तिचा पाढा सगळीकडे म्हटला गेला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा असे सांगितले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तोच ६ टक्क्यांचा आकडा आहे. तो देशाने आजवर गाठलेला नाही. विद्यार्थ्याने किती द्यावे हे मात्र दरवर्षी ठरते आणि वसूलही होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : विद्यापीठांत पैशाची उधळपट्टी होते, निकाल वेळेवर लागत नाहीत, काही अध्यापक पूर्ण पगार घेऊन वर्गात जात नाहीत, मग यांना आणखी पैसा कशाला? यात तथ्य आहे. अशा अध्यापकांत आपल्या समाजाचेही काही आहेत, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हिशोब मागितलाच पाहिजे. परंतु धान्याला कीड लागली म्हणून कोणी पेरणी थांबवत नाही. शिवाय अनुदान तोडल्याने कामचुकार माणूस जात नाही. तो कायम असतो. जातो तो तासिकेवरचा, आणि येत नाही तो नवा.

सभासदांनी काय करावे?

गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वह्यावाटप, पेनसेट हे सर्व चालू राहू द्यावे. त्याच्या जोडीने एक काम असे आहे की ज्याला खर्च नाही. २०१६ च्या कायद्यानुसार विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून दहा प्रतिनिधी निवडून जातात. त्यांत अनुसूचित जातीसाठीही जागा राखीव आहे. विद्यापीठाचा वार्षिक अर्थसंकल्प याच अधिसभेपुढे येतो. पदवी मिळाली म्हणून आपले नाव मतदारयादीत आपोआप येत नाही, त्यासाठी ठरावीक मुदतीत अर्ज भरून नोंदणी करावी लागते. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांत आपले हजारो पदवीधर आहेत. नोंदणी किती जणांनी केली आहे, हे सभासदांनी आपापल्या घरी आधी विचारावे.

अर्थसंकल्पाची प्रत हाती आल्यावर सुरुवातीला सारे आकडे वाचायची गरज नाही. चार रकाने पाहावेत. मंजूर पदे किती आणि भरलेली किती. त्यांपैकी अनुसूचित जातीची रिक्त पदे किती. एकूण उत्पन्नात परीक्षा शुल्काचा वाटा किती. ग्रंथालय व वसतिगृह यांवर मागील वर्षी तरतूद किती होती आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला. मागील तीन वर्षांचे हे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहावेत, बाबासाहेबांनी १९२७ साली १४ आणे आणि दोन रुपये लिहिले होते तसे. तो कागद घेऊन आपल्या भागातील आमदारांकडे हिवाळी अधिवेशनाच्या आधी जावे आणि विद्यापीठाच्या रिक्त पदांवर तारांकित प्रश्न विचारण्याची लेखी विनंती करून तिची पोच घ्यावी.